पत्र्यावरचा चेहरा

आमच्या घरात काळं पडलेलं काही राहू द्यायचं नाही, हा आईचा कायदा होता. कॅनडातल्या रेजिना शहरात, भाड्याच्या घरात आम्ही आलो तेव्हा आमच्याकडे दोन सूटकेस कपड्यांच्या होत्या आणि एक देवांची, असं बाबा लोकांना सांगत. त्यात अतिशयोक्ती होती, पण फारशी नाही. पितळेची समई, तांब्याचं ताम्हन, पळी-पंचपात्र, घंटा, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळं दर शनिवारी स्टीलच्या सिंकमध्ये उतरायचं. चिंच व्हिएतनामी माणसाच्या दुकानात मिळायची, विटेसारखी दाबलेली. आई ती कोमट पाण्यात कोळायची, वर मीठ टाकायची आणि अंगठ्याने घासायला लागायची. तांब्यावरचा काळा थर निघून खालचा गुलाबी रंग वर आला की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते मला एरवी कधीच दिसलं नाही. दिवसभर ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत परक्यांच्या चादरी धुवायची आणि घरी येऊन देव घासायची. "घासल्याशिवाय उजळत नाही," हे तिचं वाक्य. ते भांड्यांना लागू होतं, माझ्या गणिताला लागू होतं आणि उन्हाळ्यात काळवंडलेल्या माझ्या कोपरांनाही लागू होतं. मी इंग्लिशमधून कुरकुर करायचे, ती मराठीतून घासत राहायची.

बाबा नागपूरला पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. तिथे त्यांच्या सहीने कालव्याला पाणी सुटायचं. इथे त्यांच्या डिग्रीला कुणी हिंग लावून विचारलं नाही, आणि एका हार्डवेअरच्या दुकानामागच्या गोदामात ते स्क्रू, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे यांची खोकी लावायला लागले. याबद्दल ते बोलत नसत. फक्त नागपूरहून फोन आला की त्यांचा आवाज एक पट्टी वर जायचा आणि गोदामाचं 'स्टोअर्स डिपार्टमेंट' व्हायचं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मला त्या फोनची भयंकर लाज वाटायची. आता चाळिशी दारात आल्यावर ती लाज नेमकी कुणाची वाटायची, हा प्रश्न मला पडतो. त्याचं उत्तर काही फार चांगलं येत नाही.

गोदामातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याकडून त्यांनी जुना मेटल डिटेक्टर घेतला आणि आमचे रविवार बदलले. आई त्याला "ह्यांचं खेळणं" म्हणायची. रेजिनापासून दोन-अडीच तासांवर, गव्हाच्या शेतांच्या मधोमध, मेलेली गावं होती. कधीकाळी तिथून रेल्वे जायची. रेल्वे कंपनीने रूळ उचलून नेले आणि मागोमाग माणसंही गेली. शाळेच्या तीन पायऱ्या असायच्या आणि वर शाळा नसायची. धान्याचं उंच लाकडी कोठार वाऱ्यात कुरकुरत एकटं उभं असायचं. घरं तर बहुतेक मातीलाच मिळालेली. बाबांनी मला खूण शिकवली होती, लायलॅकचं झुडूप दिसलं की तिथे घर होतं असं समजायचं. माळावर ते आपोआप उगवत नाही. कुठल्या तरी बाईने दारात हौसेने लावलेलं असतं, आणि ती बाई, दार, घर सगळं गेल्यावरही ते दर वर्षी फुलत राहतं.

पाटबंधारे खात्यात असताना साइटवरच्या ब्लास्टिंगने बाबांचे कान अधू झाले होते. बारीक आवाज त्यांना ऐकू येत नसत. म्हणून डिटेक्टर ते फिरवत आणि हेडफोन माझ्या कानांवर असे. पाच फुटांच्या वायरने बांधलेले आम्ही दोघं माळभर फिरत असू. ते एक पाऊल टाकणार, मी एक पाऊल टाकणार. लोखंड असलं तर घशात कफ अडकल्यासारखा खरखरीत आवाज यायचा. तांबं-पितळ असलं तर स्वच्छ, टाळाच्या ठोक्यासारखा. "काय म्हणते?" ते विचारायचे, जणू आत कुणी बसलंय. "खिळा," मी म्हणायचे. "बटण असेल." "हे खोल आहे, बाबा." आणि ते माझ्या शब्दावर गुडघे टेकून खणायला लागायचे. कुणी माझ्यावर इतका विश्वास टाकल्याचं मला आयुष्यात पुन्हा आठवत नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही. दुपारी गाडीच्या आडोशाला बसून आम्ही फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं खायचो, सोबत लिंबाचं लोणचं आणि थर्मासमधला गोड चहा. वारा इतका असायचा की थालीपिठाबरोबर थोडी माती खावीच लागायची. मला ते सगळं आवडायचं, हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही.

अशाच एका गावाच्या टोकाला मिसेस क्लाइन राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, उंच, अंगात कायम जुना कोट अडकवलेल्या. त्या गावात धूर निघणारं एकच घर उरलं होतं, ते त्यांचं. आजूबाजूची जमीन त्यांच्याच मालकीची. बाबांनी त्यांच्याकडे रीतसर परवानगी मागितली, म्हणजे स्वतः इंग्लिशमध्ये अर्ज लिहिला, खाली त्यांच्या सहीसाठी रेघ मारली, आणि ती सही घेऊन कागद फाइलला लावला. मिसेस क्लाइन हसल्या. इथे माणसं कुंपणापलीकडून मान हलवतात, तीच परवानगी. पण त्यांनी सही केली आणि मग एकच अट घातली. त्यांचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे.

"सापडेल ते तुमचं," त्या म्हणाल्या. "पण मैलभर पलीकडे आमचं पहिलं घर होतं. मी चार वर्षांची असताना माझी आई बाळंतपणात गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या बाईने घरात आईचं काही ठेवू दिलं नाही. आईचा एकच फोटो होता, जत्रेत काढलेला, कागदावर नाही, पत्र्यावर. वडिलांनी तो डब्यात घालून घरातच कुठेतरी लपवला, असं माझा भाऊ मरताना म्हणाला. तो फोटो सापडला तर तेवढा मला द्या."

"शुअर, मॅडम. डेफिनिटली," बाबा म्हणाले. मॅडम हा शब्द त्यांनी नागपूरहून आणला होता.

"मला तिचा चेहरा आठवत नाही," मिसेस क्लाइन म्हणाल्या. "हात आठवतो. चेहरा नाही."

दोन उन्हाळे आम्ही ते घर पालथं घातलं. घर म्हणजे दगडी तळघराचा खड्डा आणि कडेला माणसाहून उंच लायलॅक. तो त्यांच्या आईनेच लावलेला. खिळे निघाले, चुलीची झाकणं निघाली, घोड्याचा नाल निघाला. डबा नाही. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, आम्ही शेवटचं म्हणून गेलो, कारण त्यानंतर जमीन गोठते. बाबा खड्ड्यात उतरून जमिनीवर डिटेक्टर फिरवत होते आणि मी कंटाळून म्हणाले, "बाबा, ट्राय द वॉल ना. लपवायचं असेल तर माणूस जमिनीत कशाला पुरेल? भिंतीत ठेवेल." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि डिटेक्टर आडवा धरून दगडांवरून फिरवायला लागले. उत्तरेच्या कोपऱ्यात, माझ्या खांद्याच्या उंचीवर, कानात खरखरीमागून तो स्वच्छ आवाज आला.

दगड सैल होता. मागे तंबाखूचा चपटा डबा होता, गंजलेला पण कोरडा. आत मेणकापडात गुंडाळलेलं, शिवताना बोटावर चढवायचं पितळी अंगुस्तान आणि तळहाताएवढा काळा पत्रा. बाबांनी तो उन्हात तिरका धरला आणि त्या काळ्यातून एक बाई वर आली. मी ती नीट पाहिली. पंचविशीची असेल. भांग किंचित बाजूला सरकलेला. उन्हामुळे एक डोळा बारीक केलेला. ओठ घट्ट मिटलेले, पण फोटोवाल्याने काहीतरी विनोद केला असावा, कारण हसू दाबलेलं कळत होतं. कान मोठे, डोक्यापासून सुटे, आणि हुबेहूब मिसेस क्लाइनचे. एक हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि त्याच्या एका बोटाला चिंधी बांधलेली होती. कापलं असेल, भाजलं असेल. आईच्या बोटांना नेहमी असायची तशीच चिंधी.

"शाब्बास, पोरी," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मैलभरावर मिसेस क्लाइनच्या घराचा धूर दिसत होता. मी म्हणाले, "लेट्स गिव्ह इट टू हर नाऊ."

"अशी? गंजलेल्या डब्यात?" बाबा म्हणाले. "वस्तू देण्याची काही रीत असते. त्यांनी पुढच्या सोमवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावलंय ना, तेव्हा फ्रेम करून देऊ. खाली नाव, गाव, कुठे सापडला ते टाइप करून. त्यांच्या गावाकडच्या पेपरवाल्यालाही सांगता येईल. आणि परवा खंडेनवमी आहे, पूजेत मांडू आधी." मग ते लायलॅककडे गेले आणि एक पिशवीभर पानं तोडली. आपट्याची पानं इथे कुठली मिळणार? लायलॅकचं पान बदामाच्या आकाराचं असतं, आणि थंडी पडली तरी बराच काळ हिरवं राहतं. आमच्याकडे दसऱ्याला तेच सोनं म्हणून वाटायचे.

धूर मागे पडला. मी मागच्या काचेतून पाहत होते. या गोष्टीचा दोष वाटायला बसलं तर पहिला वाटा बाबांच्या त्या रितीचा आहे. चार वर्षांच्या मुलीची आई पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनी परत मिळत होती, आणि आम्ही तिच्यासाठी फ्रेम बघायला शहरात परत गेलो.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. नागपूरला बाबा जमीन मोजायच्या दुर्बिणीची, थिओडोलाइटची करायचे. रेजिनात पाटावर डिटेक्टर, फावडं, खुरपी, आईची शिवणकामाची कात्री आणि वर्षभरात सापडलेल्या वस्तू मांडल्या जायच्या, आणि त्यांना हळदकुंकू लागायचं. त्या दिवशी आई लाँड्रीत आणि बाबा गोदामात होते. सकाळी जाताना आई म्हणाली होती, "शाळेतून आलीस की पूजेचं सगळं घासून ठेव. काळं काही मांडायचं नाही देवापुढे." चिंच तिने भिजत घातलीच होती.

मी ताम्हन घासलं, समई घासली, पितळी बटणं घासली, अंगुस्तान घासलं. ते तर असं उजळलं की काल घेतल्यासारखं. स्वयंपाकघरात दुपारचं ऊन आलं होतं आणि मी खुशीत गुणगुणत होते, हेही मला आठवतं. मग मी पत्रा घेतला. मला माहीत होतं की त्यावर चेहरा आहे. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही. पण आमच्या घरात मी जन्मभर एकच पाहिलं होतं, की वस्तू काळी असते ती वरून, आणि घासली की आतली खरी वस्तू निघते. मला वाटलं, वरचं काळं जाईल आणि ती बाई आणखी स्वच्छ दिसेल. बाबा संध्याकाळी येतील आणि पुन्हा एकदा शाब्बास म्हणतील. मी चिंचेच्या कोळात बोटं बुडवली आणि हलक्या हाताने, अगदी हलक्या हाताने, कडेपासून घासायला लागले. कड चमकली. मला हुरूप आला. मग अंगठा मधे नेला, आणि साय ओढल्यासारखा तो थर सगळाच्या सगळा सरकला. एक कान गेला, मग गाल गेला. मी पाण्याखाली धरलं आणि उरलेलंही धुऊन गेलं. काळं हीच ती बाई होती. खाली पांढुरका पत्रा होता, आणि त्यात माझं नाक दिसत होतं.

बाबा आले तेव्हा तो पत्रा मी पाटावर, इतर वस्तूंच्या रांगेत ठेवला होता. का ठेवला, लपवला का नाही, सांगता येत नाही. आई नुकतीच आली होती, कोटही काढला नव्हता. बाबांनी पत्रा उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. रागावले की त्यांचं नागपुरी वर यायचं.

"काय करून ठेवलं हे तुम्ही? कोणी घासलं?"

मी तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, "मी घासलं."

"तू?"

"सकाळी जायच्या आधी. काळं होतं म्हणून घासलं. मला काय ठाऊक, तो फोटो आहे म्हणून."

माझी बोटं चिंचेने सुरकुतलेली होती आणि नखांत काळं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आईला म्हणाले, "तुला जिंदगीत घासण्यापलीकडे काही आलं आहे का? लाँड्रीत तेच, घरी तेच. एक गोष्ट मी या देशात माझी म्हणून शोधून काढली होती. एक!" आईने कोटाची बटणं काढली, कोट टांगला आणि निरांजन लावलं. त्या वर्षी पूजा झाली, पण आरती कुणी म्हटली नाही. दसऱ्याच्या सकाळी आईने पिशवीतलं एक पान माझ्या हातात ठेवलं आणि हळूच म्हणाली, "सोन्यासारखी राहा." बाकीची पानं फ्रिजमध्येच काळी पडली.

सोमवारी आम्ही मिसेस क्लाइनकडे गेलो. गाडीत बाबा म्हणाले, "सापडलं नाही, एवढंच सांगायचं."

"बट बाबा, दॅट्स लाइंग."

"मग काय सांगू? तुमच्या आईला आम्ही चिंच लावली, म्हणून सांगू? पुढच्या वर्षी पाऊल ठेवू देतील त्या? सगळ्या गावांना कळेल. माणसं म्हणतील, यांना देऊ नका परवानगी." मागच्या सीटवर आई खिडकीबाहेर पाहत होती. दुसरा वाटा हा, बाबांच्या भीतीचा. त्या भीतीला मी आज हसत नाही. माळावर नुसतं फिरायला मिळायचं, ते सोडलं तर त्यांच्यापाशी तिथे दुसरं काय होतं?

टेबलावर टर्की होती, आमच्यासाठी बटाटे आणि मका होता, आणि सॅस्कटून बेरीचा केक होता. जांभळासारख्या दिसणाऱ्या त्या बेरी मिसेस क्लाइनने उन्हाळ्यात स्वतः वेचून फ्रीज केलेल्या. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "जुन्या घरात काही मिळालं?"

"ओन्ली नेल्स, मॅडम," बाबा म्हणाले. "खिळेच खिळे."

त्यांनी मान हलवली. कोटाची बाही सारखी करत त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर आरशात बघून अंदाज बांधला. माझं नाक वडिलांचं. मग उरलेलं तिचं असेल, असं धरून चालते." आणि माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने पाहून म्हणाल्या, "तुझं बरं आहे. तुझ्यासमोर बसली आहे."

आम्ही पुन्हा तिकडे गेलो नाही. बाबांनी डिटेक्टर बेसमेंटमध्ये ठेवला. मिसेस क्लाइन नाताळला कार्ड पाठवायच्या, 'वसंतात याल ना?' असं लिहून. दोन कार्डं आली, तिसऱ्या वर्षी आलं नाही. मग बाबांना टोरोंटोकडे नोकरी मिळाली, जरा बरी, आणि आम्ही रिचमंड हिलला आलो. आई-बाबांचं भांडण कशावरूनही सुरू झालं, मीठ जास्त झालं म्हणून, रस्ता चुकला म्हणून, तरी शेवटी बाबा त्या पत्र्यावर यायचे. शेवटपर्यंत. आई ऐकून घ्यायची. चिंच तिने त्या दसऱ्यानंतर फक्त आमटीत वापरली. देव हळूहळू काळे पडत गेले आणि ती त्याच काळ्या देवांना रोज हळदकुंकू लावत राहिली.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या फायली आवरताना मिसेस क्लाइनच्या सहीचा परवानगीचा कागद निघाला, आणि त्याला जोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत तो पत्रा. इतर प्रत्येक वस्तूला बाबांनी चिठ्ठी लावली होती, गाव, किती खोल, तारीख. याला चिठ्ठी नव्हती. मी तो आईपुढे ठेवला आणि म्हणाले, "आई, तू का म्हणालीस तेव्हा? मी घासलं होतं. बाबांना मी कधी सांगितलंच नाही."

आई वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही. "वीस वर्षं मी वाट पाहिली, आज सांगशील, उद्या सांगशील," ती म्हणाली. "ते गेले. आता मला सांगून काय उजळणार आहे?"

तिसरा वाटा माझा. पहिले दोन मोजून झाले की उरतो तो सगळा माझाच आहे. घासलं ती चूक होती. तिच्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करीनही. पण चेहरा पत्र्यावरून गेला होता, जगातून गेला नव्हता. तो माझ्याकडे होता, आजही आहे. सरकलेला भांग, बारीक केलेला डोळा, दाबलेलं हसू, बोटाची चिंधी. बाबांचं खोटं मोडायचीही गरज नव्हती. टेबलापाशी सगळे उठायच्या गडबडीत, बाबा बाहेर गाडी गरम करायला गेले आणि आई वॉशरूमला गेली, तेव्हा मी आणि मिसेस क्लाइन दोघीच होतो. त्यांनी केस कानामागे सारले आणि तो मोठा, सुटा कान माझ्यासमोर हातभर अंतरावर आला. तुमचे कान तुमच्या आईवर गेले आहेत. एवढंच म्हणायचं होतं. मी श्वास घेतलाही होता. त्यांनी केकचा आणखी एक तुकडा माझ्या ताटलीत वाढला, आणि मी "थँक यू" म्हणाले.